कपाटातलं पीक

मित्रांनो, कपाटाने शेती केल्याचं तुम्ही कधी ऐकलं आहे का? मग आज ऐका. मी लाल देवदाराचं एक जुनं कपाट आहे. सत्तरी उलटली, मागचा डावा पाय आखूड आहे, आणि तरीही गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी माझ्या पोटात जे पीक आलं, त्याची आठवण झाली की आजही माझ्या फळ्या थरारतात.

पीक कसलं, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कुजबूज नको. तुम्ही ज्याला गांजा म्हणता, त्या झाडाचं. दचकू नका. आमच्याकडे, कॅनडातल्या स्लोकन नदीच्या खोऱ्यात, मोठ्या माणसांना प्रत्येक घरी चार झाडं लावायची कायद्याने मुभा आहे. चार म्हणजे चारच, पाचवं नाही. तुमच्या गावचा कायदा वेगळा असेल तर तुम्ही तोच पाळा. आणि हे मोठ्यांचं औषध आहे, लहानांनी त्याला हात लावायचा नाही, असं आमच्या घरची म्हातारी फेन्यासुद्धा पतवंडांना बजावते.

मला लारियोन नावाच्या शेतकऱ्याने एका हिवाळ्यात घडवलं. आमचे लोक मूळचे रशियातले. लढायचं नाही म्हणून बंदुका जाळून त्यांचे वाडवडील इकडे आले. या घरात मांस नाही, दारू नाही, तंबाखू नाही, आणि दाराला कुलूपही नाही. लारियोनने एकही खिळा न मारता माझे सांधे बसवले, आणि आत आठ खुंट्या ठोकल्या. सात वर, आणि एक अगदी खाली, दाराच्या चौकटीला लागून. ती खालची खुंटी त्याच्या थोरल्या लेकीची, मालाशाची. तिचा हात वर पोचत नव्हता आणि आपला कोट दुसऱ्याने टांगलेला तिला खपत नव्हता. धाकटा सावेली तेव्हा पाळण्यात होता.

काय दिवस होते ते! रविवारी प्रार्थनाघरातून माणसं थेट आमच्याकडे बोर्श्ट, म्हणजे कोबी-बटाट्याचं दाट सूप, प्यायला यायची. प्रत्येक जण आपला ओला कोट आपल्या हाताने माझ्यात टांगायचा. पाहुण्याने विचारायचं नाही आणि यजमानाने उठायचं नाही, अशी पद्धत. कधी कधी तीस-तीस कोट कोंबले जायचे आणि माझं दार फुगून यायचं, पण मी कधी कुरकुरलो नाही. सावेलीची बायको होऊन फेन्या या घरात आली, तेव्हा तिने माझ्या दारावरून हात फिरवला आणि म्हणाली, "असं कपाट आमच्या अख्ख्या गावात नाही." तेवढ्या एका वाक्यावर मी वीस वर्षं काढली.

पुढे घराच्या भिंतीत नवी कपाटं आली, गुळगुळीत आणि पांढरी. मला उचलून स्वयंपाकघराच्या मागच्या बोळात नेऊन ठेवलं. माझ्यात आले रिकाम्या बरण्या, तुटकी इस्त्री आणि जुनी वर्तमानपत्रं. उंदरांनी कोपरा कुरतडला. कोट मात्र एकच यायचा, तोही रविवारी. म्हातारी मालाशा समोरच्या आपल्या घरातून साठ पावलं चालून बोळात यायची, कमरेत वाकायची, आणि आपला जाड लोकरी कोट त्या खालच्या खुंटीला लावून मगच जेवायला बसायची.

आता खरी गोष्ट सुरू होते. सावेली लाकडाचे डाव करायचा, बोर्श्ट वाढायचे खोल डाव. बर्चच्या एका ओंडक्यातून वाटी आणि दांडा अखंड काढायचा, जोड नाही. या घरातून लग्न होऊन जाणारी प्रत्येक मुलगी सावेलीच्या हातचा डाव घेऊन जाते. अशा अकरा मुली गेल्या. बारावी लूशा, त्याची नात, शहराजवळच्या रोपवाटिकेत काम करणारी. तिचं लग्न ठरायच्या दोन वर्षं आधीच सावेलीच्या बोटांचे सांधे सुजून आले. डाव दूरच, त्याला सदऱ्याचं बटण लावता येईना. फेन्या लावून द्यायची आणि तो खिडकीबाहेर बघत उभा राहायचा.

दवाखान्यातली परिचारिका फेन्याला म्हणाली, माझ्या आईच्या गुडघ्यांना या झाडाचं मलम चोळतात, बघा वापरून. दुकानात मलम मिळत होतं, अंगठ्याएवढ्या डबीत. फेन्याने ती डबी पाहिली आणि परत ठेवली.

"जन्मात कधी कोबी विकत आणला नाही," ती घरी येऊन म्हणाली, "आता पाला विकत आणू?"

"बागेत लाव मग," सावेली म्हणाला.

"बागेत हरणं खातील. आणि तुझी बहीण समोर राहते. तिच्या खिडकीतून माझे वाफे दिसतात, बी टाकायच्या आधी तिला कळेल."

म्हणून तिची नजर माझ्यावर पडली. एका दुपारी तिने बरण्या काढल्या, इस्त्री काढली, मला आतून साबणाने धुतलं आणि पांढरा रंग दिला. वर दिव्याची पाटी टांगली, एका बाजूला छोटा पंखा, खाली चार कुंड्या. मित्रांनो, मी आयुष्यभर मेंढ्यांची निर्जीव लोकर सांभाळली होती. त्या रात्री माझ्या तळाशी चार जिवंत अंकुर उभे राहिले. मला वाटलं, माझ्याच लाकडाला पालवी फुटली.

पण पहिलं पीक म्हणजे फजितीच होती. फेन्याच्या हातात कोबी-टोमॅटोची साठ वर्षांची सवय. तिने मुठी भरभरून शेणखत घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी पाजलं, आणि दिवा कधी विझवलाच नाही. "बिचाऱ्यांना अंधारात कसं कोंडायचं?" म्हणायची. पानं वळली, पिवळी पडली, पुन्हा हिरवी झाली, झाडं माझ्या छताला टेकली, आणि चार महिने झाले तरी तुरा म्हणून एक नाही. या झाडाच्या तुऱ्यांतच सगळं औषध असतं, पानांत काही नाही.

वास मात्र आला. तो मालाशाच्या नाकात गेला.

"फेन्या, घरात काही मेलंय का?"

"औषध आहे, वन्सं. तुमच्या भावासाठी."

मालाशाने माझं दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवले. "ना दारू ना तंबाखू म्हणता म्हणता घरात हे?"

"प्यायचं नाहीये. चोळायचंय."

"उद्या म्हणशील, वोडका प्यायची नाही, पायाला लावायचीय."

"पायालाच लावीन, सुजले तर."

मालाशाने नाक मुरडलं. वाकली, कुंडी बाजूला सरकवली आणि आपला कोट खालच्या खुंटीला लावला. फेन्याने तो काढून पुढच्या खोलीत नेला, तर मालाशाला वाईट वाटलं. "माझ्या बापानं केलेलं कपाट आहे," म्हणाली.

मग लूशा आली. तिने आत डोकावलं आणि हसत सुटली. "आजी, यांना दिवसातले बारा तास गडद अंधार लागतो. अंधारात झोपली तरच कळतं त्यांना, हिवाळा जवळ आला, आता तुरे धरायचे."

"म्हणजे मी चार महिने यांना जागं ठेवलं?"

"तू त्यांना छळलंस, आजी."

फेन्याने घाईने अंधार दिला, पण दाटीवाटीने वाढलेल्या झाडांचे शेंडे दिव्याला लागून करपले आणि खालच्या फांद्यांना उजेडच नव्हता. आलं काय, तर जेमतेम एक लहान बरणी. फेन्याने ते तुरे सूर्यफुलाच्या तेलात मंद आचेवर मुरवले, मधमाशांचं मेण घातलं, आणि झालेलं मलम सावेलीच्या बोटांना चोळलं. तीन आठवडे पुरलं. सगळ्यांनाच त्याने बरं वाटतं का, मला ठाऊक नाही. मी कपाट आहे, डॉक्टर नव्हे. पण त्या तीन आठवड्यांत एका सकाळी सावेली बोळात आला, आणि त्याच्या सदऱ्याची वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लागलेली होती. फेन्याने ते पाहिलं आणि चुलीकडे तोंड फिरवलं.

मलम संपलं आणि बोटं पुन्हा मिटली. त्याच उन्हाळ्यात लूशाचं लग्न ठरलं, पुढच्या मे महिन्यात.

"आजोबा, माझा डाव?" तिने विचारलं, आणि विचारल्यावर तिलाच कसंसं झालं.

"हिवाळाभर हात चालले तर करीन," सावेली म्हणाला.

फेन्याने बोटांवर हिशेब केला. एक बरणी म्हणजे तीन आठवडे. हिवाळा काढायचा तर निदान सहा बरण्या हव्यात. झाडं तर चारच लावायची. पाचवं लावणं तिच्या मनातही आलं नाही, कारण आमच्या लोकांना कायदा मोडायचा झाला तर तो सगळ्यांसमोर आणि मोठ्या कारणासाठी मोडतात, कपाटात लपून नाही. म्हणजे उरला एकच रस्ता, त्याच चार झाडांकडून सहापट काढायचं. मित्रांनो, सहापट! आणि तेही माझ्याएवढ्या जागेत.

या वेळी फेन्या शहाणी झाली होती. खत चिमटीने, पाणी मोजून. कुंडी दोन्ही हातांनी उचलून बघायची, हलकी लागली तरच पाणी घालायचं. दिव्याखाली शेंड्याच्या उंचीवर हात उताणा धरायचा, आणि चटका बसला तर दिवा वर ओढायचा. रोपं वीतभर झाल्यावर लूशाच्या सांगण्यावरून तिने चारही शेंडे खुडले, आणि खुडताना डोळे मिटून घेतले. आठवड्याने प्रत्येक रोपाला एकाऐवजी दोन शेंडे फुटले. पण कडेच्या फांद्या पुन्हा मधल्यांच्या सावलीत जाऊ लागल्या, आणि फेन्या माझ्यासमोर स्टूल घेऊन बसली. बराच वेळ नुसती बघत होती.

मग ती उठली आणि माळ्यावरून मागाचा तागाचा दोरा घेऊन आली. तिने माझ्या डाव्या बाजूला बोटभर अंतरावर खिळे मारले, उजव्या बाजूला मारले. मला खिळे कधी माहीत नव्हते, पण मी दात खाऊन सोसलं. आणि तिने माझ्या पोटात, कुंड्यांच्या वर हातभर, मागावर ताणा लावतात तसा दोरा लावला. आडवा लावला, मग उभा लावला.

"हे काय विणतेस?" सावेलीने विचारलं.

"झाडं विणते," ती म्हणाली.

आणि खरंच तिने झाडं विणली. रोज सकाळी एकेक कोवळी फांदी वाकवायची, दोऱ्याखालून न्यायची, पुढच्या चौकोनातून शेंडा वर काढायचा. उंच झालेली फांदी मागे, बुटकी पुढे. आयुष्यभर चादरी विणलेला हात, एकही फांदी मोडली नाही. महिन्याभरात माझ्यात चार झाडं दिसेनाशीच झाली. दिसायचा एक हिरवा गालिचा, सगळे शेंडे एका उंचीवर आणि प्रत्येकावर सारखा उजेड. खालच्या आंधळ्या फांद्या तिने छाटून टाकल्या. लूशाने पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"आजी, हे तुला कुणी शिकवलं? आमच्याकडे मोठमोठे लोक जाळी विकत आणून हेच करतात."

"चादर विणताना एक धागा वर आला तर कशी दिसते?" फेन्या म्हणाली. "तेवढंच."

सप्टेंबरमध्ये अंधार सुरू झाला. रात्री थंडी असते, तेव्हा दिव्याची ऊब मिळावी म्हणून रात्री नऊ ते सकाळी नऊ उजेड, आणि दिवसा माझं दार बंद. फेन्याने दाराच्या फटींना काळं कापड लावलं. दोन आठवड्यांत प्रत्येक शेंड्यावर पांढरे केस फुटले. मी मोजले, छप्पन्न तुरे. पहिल्या खेपेला सात होते. रोज रात्री नऊ वाजता दिवा लागला की मी आधी त्यांच्याकडे बघायचो, आणि ते कालच्यापेक्षा फुगलेले असायचे. इतका आनंद मला तीस कोटांनीही दिला नव्हता.

आणि मग ऑक्टोबर आला. पावसाळी रविवार, पाहुणे, ओले कोट. पुढच्या खोलीतल्या खुंट्या भरलेल्या. उन्हाळाभर कोटाची गरज पडली नव्हती; आता मालाशा जुन्या सवयीने बोळात आली. तिने माझं दार उघडलं आणि भर दुपारचा उजेड माझ्या झोपलेल्या झाडांवर पडला. मी करकरलो. माझी बिजागरी गंजलेली आहे, जमेल तेवढं मी करकरलो. तिने कोट खालच्या खुंटीला लावला आणि दार लोटलं, पण कोटाचा जाड पदर चौकटीत अडकला आणि दोन बोटांची फट राहिली. त्या फटीतून तीन तास उजेड आत येत होता. जाताना तिने कोट काढला, दार नीट लावलं, आणि कुणाला काही कळलं नाही. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. फेन्या स्वयंपाकघरात वीस माणसांना सारण भरलेले पिराही भाजून वाढत होती, पाच पावलांवर. ओरडता येत नाही याचं दुःख मला आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा झालं.

महिन्याच्या शेवटी फेन्याला दाराजवळच्या झाडावर काहीतरी पिवळं दिसलं, केळ्याच्या आकाराचं आणि तांदळाच्या दाण्याएवढं. तिने लूशाला बोलावलं. लूशाचा चेहरा उतरला.

"हे नर फूल आहे, आजी. झाडाला झोप मिळाली नाही की ते घाबरतं. मरणार म्हणून स्वतःच बी धरायला बघतं. हे फुटलं आणि पराग उडाला तर बाकीचीही बियांनी भरतील. मग तुरे गेले."

"उजेड कुठून आला? मी तर कापड लावलंय."

माझ्या दाराच्या चौकटीवर लोकरीचा करडा धागा अडकला होता. फेन्याने तो काढला आणि हातावर ठेवून बघत राहिली. मग तिने त्या झाडावर पाणी फवारलं, पराग उडू नये म्हणून, आणि दोऱ्यातून एकेक फांदी सोडवून अख्खं झाड चुलीत घातलं. चौदा तुरे होते त्याच्यावर.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर तिने विचारलं, "वन्सं, तुम्ही अजून कपाटातच कोट लावता?"

"एकाहत्तर वर्षं लावतेय."

"आत झाडं असताना?"

"माझी खुंटी आहे तिथं. माझ्या बापानं माझ्यासाठी ठोकलीय. मी कुणाला विचारायचं?"

"तुम्हाला ते झाड आवडत नाही, म्हणून मुद्दाम..."

"मुद्दाम?" मालाशा उभी राहिली. "मी काय चोर आहे? दार नीट लावून जायचे मी."

तेव्हा सावेली बोलला. दोघींच्या भांडणात तो सहसा बोलत नाही. "ताई, त्यात माझे हात होते," एवढंच म्हणाला, आणि आपली सुजलेली बोटं टेबलाखाली घेतली.

मालाशाने त्याच्याकडे पाहिलं. मग ती कोट न घालताच पावसात बाहेर पडली, आणि त्यानंतरचे कितीतरी रविवार आमच्याकडे फिरकली नाही. फेन्याने कोट पोचवला तर तिने दारातूनच घेतला.

उरली तीन झाडं. फेन्याने हार मानली नाही. रिकाम्या झालेल्या चौकोनांत तिने शेजारच्या फांद्या हळूहळू ओढून घेतल्या, जेवढ्या आल्या तेवढ्या. त्या मोकळ्या उजेडात तुरे असे भरले की दोरा खाली झुकला. नोव्हेंबरच्या शेवटी तोडणी झाली. फेन्या कापायची, लूशा पानं काढायची, आणि सावेली नुसता बसून मोजायचा. वाळवून भरल्या तेव्हा चार बरण्या झाल्या. तीन झाडांच्या चार बरण्या, मित्रांनो! माझं छत उडायचंच बाकी होतं. पण फेन्या बरण्यांकडे बघत पुटपुटली, "बारा आठवडे." लग्नाला पंचवीस होते.

डिसेंबरात सावेलीने बर्चचा ओंडका मांडीवर घेतला. रोज सकाळी मलम, मग गरम फडकं, मग तासभर काम. पहिल्या महिन्यात वाटी आकाराला आली, दुसऱ्यात ती आतून कोरून झाली. बोळापर्यंत पात्याचा आवाज यायचा आणि मला लारियोनचे हात आठवायचे. पूर्वीसारखं झरझर नाही, दहा घाव आणि विश्रांती, दहा घाव आणि विश्रांती. मार्चच्या सुरुवातीला शेवटची डबी खरवडली गेली. तोवर दांड्याच्या जागी नुसता चौकोनी ठोकळा होता. आठवड्याभरात बोटं मिटली. सावेलीने डाव फडक्यात गुंडाळला आणि कपाटावर, म्हणजे माझ्या डोक्यावर, ठेवून दिला. माझ्यात नवी रोपं होती, पण ती वीतभरच. त्यांना जूनच्या आधी तुरे येणार नव्हते.

"दुकानातून एक डाव आणीन मी," लूशा म्हणाली. सावेली उठून खिडकीशी गेला.

मार्चच्या शेवटच्या रविवारी मागचं दार उघडलं आणि मालाशा आत आली. हातात मोठी पिशवी. कोट अंगावरच. तिने माझ्याकडे पाहिलं, पण माझ्या दाराला हात लावला नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि टेबलावर एकेक बरणी मांडली.

"लोणची आणलीत, वन्सं?" फेन्याने विचारलं.

"झाकण उघड."

फेन्याने उघडलं. वास बोळात माझ्यापर्यंत आला आणि मी ओळखला. ओळखला, पण विश्वास बसेना.

"कुठून आणलंत?"

"आणलं नाही. केलं. कायद्यानं घरटी चार आहेत ना? मग माझं काय घर नाही?"

"कुठे लावलीत?"

"तळघरात, बटाट्यांच्या शेजारी. दिवा आणि बी लूशानं दिलं. तिला शपथ घातली होती, सांगितलंस तर लग्नाला येणार नाही म्हणून."

फेन्याने बरण्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. "सहा?"

"चार झाडं, सहा बरण्या. तुझ्या किती झाल्या होत्या?"

"तीन झाडांच्या चार."

"पाणी जास्त घालतेस तू, फेन्या. मी पहिल्यापासून बघत होते."

फेन्या हसायला लागली, आणि हसता हसताच ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसू लागली. मालाशाने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने खिशातून एक डबी काढली, तयार मलमाची, आणि खुर्ची ओढून भावासमोर बसली.

"हात दे."

"राहू दे, ताई. फेन्या लावेल."

"दे म्हटलं ना." तिने त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट चोळू लागली. "लहानपणी नदीवर न्यायचे तुला. सांगायचे, हात सोडलास तर वाहून जाशील."

"मी नाही सोडला कधी."

"नाही. मी सोडला, ऑक्टोबरात." मालाशा चोळायची थांबली. "खुंटीसाठी सोडला रे. माझं चुकलं."

सावेलीने दुसरा हातही तिच्या मांडीवर ठेवला.

डावाचा दांडा लग्नाच्या चार दिवस आधी पूर्ण झाला. थोडा जाड आहे आणि मधे किंचित कललेला. आधीच्या अकरा डावांसारखा सुबक नाही, हे सावेली स्वतःच सगळ्यांना सांगत होता. लूशाने तो हातात घेतला आणि दिवसभर खाली ठेवला नाही. जेवणाच्या वेळी वाढायला मागितला तरी देईना.

मित्रांनो, माझं सांगणं संपत आलं. जाता जाता एका जुन्या कपाटाची विनंती ऐका. कुणाची काळजी घ्यायची असेल, तर आपल्याला काय द्यावंसं वाटतं ते बाजूला ठेवा आणि त्याला काय हवं आहे ते बघा. फेन्याने मायेपोटी दिवा विझवला नाही आणि चार महिने वाया गेले. मालाशाने हक्कापोटी दार उघडलं आणि एक झाड गेलं. दोघींचंही त्या हातांवर प्रेमच होतं. आणि घरात एखादं माझ्यासारखं म्हातारं लाकूड अडगळीत उभं असेल, तर त्याला जळणात घालू नका. पुसा, आतून रंग द्या, आणि त्याला काम सांगा. ते वाटच बघत असतं.

सध्या नणंद-भावजयांची चुरस लागली आहे. मालाशाच्या तळघरात चार, माझ्यात चार. ती रोज येऊन फेन्याला विचारते, "किती उंच झाली?", आणि फेन्या तिला दोन बोटं वाढवून सांगते. या खेपेला माझ्या एकट्याच्या सात बरण्या होणार, लिहून ठेवा. छप्पन्नचे सत्तर तुरे झाले आहेत, मी काल रात्रीच मोजले. पण आता बोलणं थांबवतो. सकाळचे नऊ वाजून गेलेत, आतली मंडळी नुकतीच झोपली आहेत. तेवढं दार नीट लोटून घ्या.